पहिला पैसे देणारा क्लायंट: फ्रीलान्सिंग सुरू करणाऱ्यांसाठी

फ्रीलान्सिंग करायचं ठरलं की बहुतेक जण आधी नाव शोधतात, लोगो करतात, वेबसाइटचे रंग ठरवतात, चार प्लॅटफॉर्मवर खाती उघडतात आणि मग वाट बघत बसतात. यातल्या कशानेही पहिला क्लायंट येत नाही. एखाद्याची ठरावीक अडचण असते, ती सुटावी म्हणून तो पैसे मोजायला तयार असतो, आणि ती तुम्हाला सोडवता येते हे त्याला वेळेवर समजतं, तेव्हा तो येतो. हे त्याच्यापर्यंत पोचवणं हे तुमचं पहिल्या दोन-तीन महिन्यांतलं मुख्य काम. बाकी सगळं त्यानंतर.

पुढे सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे: पॉडकास्टचं ऑडिओ एडिटिंग. तुम्ही भाषांतर करत असाल, हिशेब लिहीत असाल, डिझाइन किंवा प्रोग्रामिंग करत असाल, तरी पायऱ्या त्याच राहतात.

पायरी 1: एकच काम निवडा

'कंटेंट, डिझाइन, सोशल मीडिया, व्हिडिओ, सगळं करतो' असं सांगणाऱ्याला काम मिळत नाही, कारण ऐकणाऱ्याला त्याची आठवण नेमकी कधी यायला हवी हेच कळत नाही. एक ना धड भाराभर चिंध्या. त्याउलट हे वाक्य बघा: 'मी मुलाखतींच्या पॉडकास्टचे भाग एडिट करते. रेकॉर्डिंग मिळाल्यापासून दोन दिवसांत प्रसारित करायला तयार फाइल देते.' कुणासाठी, काय आणि हातात काय मिळणार, तिन्ही गोष्टी त्यात आल्या. हे वाक्य तुमच्या मित्राने जसंच्या तसं पुढे पाठवलं, तर तुम्हाला न ओळखणाऱ्या माणसालाही ते समजेल. तुमचं वाक्य या कसोटीवर घासून बघा.

काम निवडताना आवडीबरोबर आणखी दोन गोष्टी तपासा. या कामासाठी लोक आजही कुणाला तरी पैसे देतात का? देत असतील, तर त्यांना त्याची गरज पटवून द्यावी लागत नाही, फक्त तुमची निवड पटवावी लागते. दुसरं, हे काम पुन्हा पुन्हा लागतं का? लोगो एकदा केला की क्लायंटचं काम संपलं. पॉडकास्टचा भाग दर आठवड्याला असतो, हिशेब दर महिन्याला असतो, वेबसाइटची देखभाल कायम असते. नवीन क्लायंट मिळवायला जी मेहनत पडते ती बघता, पुन्हा पुन्हा लागणाऱ्या कामाने सुरुवात करणं फार सोयीचं जातं.

एक काम निवडलं म्हणजे आयुष्यभर त्यालाच बांधले गेलात असं नाही. पहिले पाच क्लायंट मिळेपर्यंत दारावर एकच पाटी ठेवायची, एवढंच.

पायरी 2: तीन नमुने तयार करा

'अनुभव नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून अनुभव नाही' हा पेच सगळ्यांनाच पडतो. तो सोडवायला कुणाच्या परवानगीची वाट बघावी लागत नाही. क्लायंट नसला तरी नमुना तयार करता येतो. ओळखीच्या दोघांच्या गप्पा त्यांना सांगून रेकॉर्ड करा आणि त्या एडिट करा. भाषांतरकाराने स्वामित्वहक्क संपलेला एखादा मजकूर घ्यावा. डिझायनरने काल्पनिक संस्थेचं माहितीपत्रक करावं आणि ते काल्पनिक असल्याचं तिथेच लिहावं. खोटा क्लायंट दाखवू नका. ते लपत नाही, आणि उघडं पडलं की पुढचं सगळंच संशयास्पद होतं.

नमुन्यात आधीचं आणि नंतरचं दोन्ही ठेवा, आणि खाली चार ओळी लिहा: अडचण काय होती, काय केलं, तसंच का केलं. उदाहरणार्थ: 'मूळ रेकॉर्डिंगमध्ये पंख्याची घरघर होती आणि पाहुण्यांचा आवाज निवेदकापेक्षा बराच हळू होता. घरघर कमी केली, दोन्ही आवाज एका पातळीवर आणले आणि पूर्ण फाइलची पातळी उणे 16 एलयूएफएस (आवाज कानाला किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक) ठेवली, कारण ॲपल पॉडकास्टची शिफारस त्याच्या आसपासची आहे.' अशा चार ओळींतून कळतं की हा माणूस विचार करून काम करतो. नवख्या फ्रीलान्सरकडे दाखवायला याहून मोठं काही नसतं.

नमुने कुठे ठेवता याला फार महत्त्व नाही. प्रोग्रामिंगवाल्यांना गिटहब आहे, डिझायनरना बिहान्स आहे, बाकीच्यांना एक साधं वेबपान किंवा पीडीएफ पुरतं. लिंक मात्र पासवर्डशिवाय आणि मोबाइलवर उघडली पाहिजे. पाठवण्याआधी दुसऱ्याच्या फोनवर ती उघडून बघा. आधीच्या नोकरीत केलेलं काम दाखवायचं असेल, तर लेखी परवानगी घ्या. ते बहुतेक वेळा तुमच्या नव्हे, कंपनीच्या मालकीचं असतं.

फुकट काम करावं का, हा प्रश्न येतोच. माझं मत: एकदा, तेही अटी घालून. काम लहान असावं, ते कधी संपणार हे आधी ठरलेलं असावं, आणि बदल्यात नावानिशी अभिप्राय व काम दाखवण्याची परवानगी मिळावी. 'आत्ता फुकट करा, पुढे भरपूर काम देऊ' या आश्वासनावर विसंबू नका. ज्याच्याकडे पुढे भरपूर काम आहे त्याच्याकडे आज थोडे पैसेही असतात.

पायरी 3: दर काढा, अंदाजाने ठरवू नका

बहुतेक नवीन लोक इथे फसतात. नोकरीतला पगार तासांनी भागतात आणि आला तो आकडा दर म्हणून सांगतात. हा हिशेब का चुकतो ते बघा.

आठवड्याला 40 तास, वर्षाला 52 आठवडे, म्हणजे 2,080 तास. नोकरीत सुट्टीच्या दिवसाचाही पगार मिळतो, फ्रीलान्सिंगमध्ये मिळत नाही. सुट्ट्या, आजारपण, घरचे प्रसंग यांचे 6 आठवडे वजा केले तर 46 आठवडे उरतात, म्हणजे 1,840 तास. या तासांतही सगळे तास क्लायंटला लावता येत नाहीत. काम शोधणं, फोन, ईमेल, कोटेशन, हिशेब, नवीन गोष्टी शिकणं यात सुरुवातीला सहज निम्मा वेळ जातो. म्हणजे ज्याचे पैसे मिळतील असे तास उरले 920.

आता वर्षाला किती लागतात ते काढा. घरखर्च, कर, विमा, सॉफ्टवेअर, इंटरनेट, यंत्रांची झीज आणि थोडी शिल्लक, सगळं धरून. समजा बेरीज 9,20,000 आली, चलन कोणतंही धरा. तर तासाचा दर 1,000 हवा. तीच रक्कम 2,080 ने भागली तर 442 येतात. म्हणजे नोकरीसारखा हिशेब करणारा माणूस गरजेच्या निम्म्याहूनही कमी दर सांगतो, आणि वर्षभर राबूनही हातात काही का राहत नाही हे त्याला कळत नाही. पैशाचं सोंग आणता येत नाही, म्हणून ही आकडेमोड आधी कागदावर करा.

हा दर तुमच्यासाठी तळाची रेघ आहे. क्लायंटला तो तासाने सांगायलाच हवा असं नाही. उलट, नवख्यांनी शक्यतो पूर्ण कामाची ठरावीक किंमत सांगावी. क्लायंटला एकूण खर्च आधी कळतो, आणि तुमचा हात बसत गेला की तुमचा तासाचा मोबदला आपोआप वाढतो. तासाच्या दरात उलटं होतं: तुम्ही जितके पटाईत होता तितके तास कमी भरतात. 45 मिनिटांचा भाग एडिट करायला तुम्हाला 4 तास लागतात हे माहीत असेल, तर किंमत 4,000. आणि ते माहीत हवंच. त्यासाठी नमुने करतानाच घड्याळ लावा. रेकॉर्डिंग उतरवून घेण्यापासून फाइल पाठवेपर्यंतचा सगळा वेळ मोजा. तुमचा अंदाज आणि खरा वेळ यात केवढी तफावत आहे ते तेव्हा दिसेल.

सुरुवातीला दर थोडा कमी ठेवायला हरकत नाही, पण तसं सांगून ठेवा: 'माझा दर 4,000 आहे, पहिल्या तीन भागांसाठी 3,000 घेईन.' असं केलं की पुढे दर 'वाढवावा' लागत नाही, सवलत संपते.

पायरी 4: शोध जवळून सुरू करा

काखेत कळसा आणि गावाला वळसा, हे या क्षेत्रात रोज घडतं. लोक जगभरच्या अनोळखी क्लायंटना शंभर प्रस्ताव पाठवतात, पण जुन्या सहकाऱ्याला आपण हे काम सुरू केलंय हे सांगत नाहीत. पहिलं काम फार वेळा ओळखीतून किंवा ओळखीच्या ओळखीतून येतं, कारण तुम्ही वेळ पाळता, फोन उचलता, दिलेला शब्द पाळता हे त्या लोकांना आधीच ठाऊक असतं. अनोळखी माणसाला ते पटायला महिने लागतात.

म्हणून तीस-चाळीस नावांची यादी करा: जुने सहकारी, वरिष्ठ, वर्गमित्र, पूर्वी ज्यांच्याशी कामाचा संबंध आला असे लोक. प्रत्येकाला वेगळा निरोप पाठवा, सगळ्यांना एकच फॉरवर्ड नको. आणि 'काही काम आहे का?' असं विचारू नका. त्याचं उत्तर 'नाही' देणं फार सोपं असतं, शिवाय समोरचा अवघडतो. विचारा असं:

'मी आता मुलाखतींच्या पॉडकास्टचं एडिटिंग करते आहे. नियमित भाग काढणारं आणि एडिटिंगमध्ये अडकून पडणारं कुणी तुमच्या माहितीत आहे का? नमुन्यांची लिंक खाली दिली आहे, त्यांना पाठवली तरी चालेल.'

इथे तुम्ही पैसे मागत नाही, एक नाव विचारता. नाव सुचवायला माणसाला आवडतं. आणि गरज त्याचीच असेल तर तो स्वतःहून बोलेल.

ओळखीचं वर्तुळ संपलं की अनोळखी लोकांना थेट लिहायची वेळ येते. इथे संख्येपेक्षा तयारीला भाव आहे. दहा जण निवडा. ज्यांचं काम सुरू आहे, ज्यांच्याकडे पैसे खर्च करायचं कारण आहे, आणि ज्यांच्या कामात तुम्ही सुधारू शकाल अशी एक जागा तुम्हाला खरोखर दिसते आहे असेच. मग प्रत्येकासाठी अर्धा तास द्या. त्यांचा भाग पूर्ण ऐका. आणि लिहा:

'नमस्कार. तुमचा शेतीकर्जावरचा भाग काल ऐकला. सावकाराच्या चोपड्यांबद्दल पाहुण्यांनी जे सांगितलं ते दुसरीकडे कुठे ऐकलं नव्हतं. बाराव्या मिनिटानंतर मात्र त्यांचा आवाज एकदम खाली जातो आणि तुमचा तेवढाच राहतो, त्यामुळे ऐकताना सारखा आवाज वर-खाली करावा लागतो. त्यातली दोन मिनिटं मी दुरुस्त करून बघितली, फाइल सोबत जोडली आहे. ती तुम्हाला वापरायची असेल तर खुशाल वापरा. मी अशा पॉडकास्टचं एडिटिंग करते. पुढच्या भागासाठी मदत हवी असेल तर या आठवड्यात पंधरा मिनिटं बोलू.'

या निरोपात काय काय झालं ते बघा. भाग खरंच ऐकला आहे हे दिसलं. चूक काढली, पण नेमकी, मिनिटासकट, आणि बोचेल अशी नाही. दुरुस्तीचा पुरावा हातात दिला. मागणी लहान, पंधरा मिनिटांची. तुमचं शिक्षण, तुमची तळमळ, तुमचं ध्येय यातलं काही नाही, कारण वाचणाऱ्याला त्या क्षणी त्याच्याशी देणंघेणं नसतं. अशा दहा निरोपांना जे प्रतिसाद येतात ते नक्कल करून पाठवलेल्या दोनशे निरोपांना येत नाहीत.

उत्तर आलं नाही तर आठवड्याने एकदा आठवण करा, दोन ओळींत. त्यानंतर सोडून द्या. कुणाला कधी लिहिलं, काय उत्तर आलं, पुढे काय करायचं याची एक साधी शीट ठेवा. दोन महिन्यांनी तीच तुम्हाला सांगेल की कोणत्या प्रकारचे लोक उत्तर देतात.

प्लॅटफॉर्मचं काय?

अपवर्क, फायव्हर यांसारख्या, क्लायंट आणि फ्रीलान्सर यांची गाठ घालून देणाऱ्या वेबसाइटवर खरं काम मिळतं. अपवर्क हे ईलान्स आणि ओडेस्क या दोन जुन्या कंपन्यांच्या विलीनीकरणातून उभं राहिलं, 2015 मध्ये त्याला हे नाव मिळालं. फायव्हर 2010 पासून आहे. तिथे रोज पैसे खर्च करायला तयार असलेले लोक येतात, आणि पैसे आधी प्लॅटफॉर्मकडे जमा होतात ही मोठी सोय. पण तिथे नवीन माणसाकडे रेटिंग नसतं, आणि रेटिंग नसलेल्याला दर पाडायचा मोह होतो. म्हणून माझ्या मते हा दुसरा मार्ग आहे, पहिला नव्हे.

जायचं असेल तर पैशांचे नियम आधी समजून घ्या. फायव्हर विक्रेत्याकडून 20 टक्के कापतं. म्हणजे हातात 1,000 यायला हवे असतील तर किंमत 1,250 ठेवावी लागते, 1,200 नव्हे. अपवर्कने 2023 मध्ये सरसकट 10 टक्के कमिशन ठेवलं होतं, 2025 मध्ये ते नव्या करारांसाठी कामागणिक बदलतं केलं. शिवाय अपवर्कवर प्रस्ताव पाठवायला 'कनेक्ट' नावाची टोकनं लागतात आणि ती विकत घ्यावी लागतात. त्यामुळे दिसेल त्या जाहिरातीला प्रस्ताव टाकणं महागात पडतं. पैसे मिळायलाही वेळ लागतो. अपवर्कवर ठरावीक किमतीच्या कामात तुम्ही काम सादर केल्यावर क्लायंटला ते तपासायला 14 दिवस असतात. त्याने काहीच केलं नाही तर रक्कम आपोआप सुटते, आणि त्यानंतर आणखी 5 दिवस ती रोखलेली असते. घरखर्चाचं गणित करताना हे दिवस धरा.

तिथल्या प्रस्तावालाही वरचाच नियम लावा. पहिली दोन वाक्यं क्लायंटच्या कामाबद्दल असावीत, तुमच्याबद्दल नव्हे, कारण यादीत त्याला आधी तेवढंच दिसतं. आज टाकलेल्या, तपशील नीट लिहिलेल्या आणि आधी कुणाला तरी पैसे दिलेल्या क्लायंटच्या कामांनाच प्रस्ताव द्या. अशी कामं थोडी सापडतील, पण ती सोडून बाकीच्यांवर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

आणि फसवणुकीपासून जपा. काम मिळण्याआधी 'नोंदणी', 'प्रशिक्षण' किंवा 'अनामत' म्हणून पैसे मागणारा क्लायंट नसतो, भामटा असतो. ठरल्यापेक्षा जास्त रक्कम पाठवून 'उरलेले परत करा' म्हणणाराही तसाच. त्याने पाठवलेली रक्कम काही दिवसांनी रद्द होते आणि तुम्ही परत केलेले पैसे मात्र खरे असतात. प्लॅटफॉर्मवर भेटून लगेच दुसऱ्या चॅटवर चला म्हणणारा, ओटीपी किंवा तुमच्या खात्याचा वापर मागणारा, 'चाचणी' म्हणून पूर्ण कामच फुकट करून घेणारा, यांना सरळ नकार द्या. त्याचं कारण सांगत बसायची गरज नाही.

पायरी 5: पहिल्या बोलण्यात ऐका

क्लायंट बोलायला तयार झाला की नवखा माणूस घाईघाईने स्वतःबद्दल सांगू लागतो. त्यापेक्षा विचारा. आत्ता हे काम कोण करतंय? त्यात काय जमत नाहीये? कधीपर्यंत हवं आहे आणि त्या तारखेला काय आहे? काम झालं हे शेवटी कोण ठरवणार? आणि, 'यासाठी काही रक्कम डोक्यात ठेवली आहे का?' हा शेवटचा प्रश्न विचारायला लोक संकोचतात, पण तो न विचारता तीन दिवस कोटेशन बनवणं म्हणजे दोघांचाही वेळ वाया घालवणं.

बोलता बोलता किंमत सांगू नका. 'आज संध्याकाळपर्यंत लेखी पाठवते' म्हणा आणि खरंच संध्याकाळी पाठवा. तुमच्या वक्तशीरपणाची त्याला आलेली ती पहिली प्रचिती.

पायरी 6: लेखी ठरवा

पहिल्या कामाला वकिलाकडून करार करून घ्यावा लागत नाही. एक स्पष्ट ईमेल आणि त्यावर क्लायंटचं 'मान्य आहे' एवढं सुरुवातीला पुरतं. लेखी असण्याला किती वजन असतं याचं एक उदाहरण: न्यूयॉर्क शहरात 2017 पासून फ्रीलान्सरांसाठी स्वतंत्र कायदा लागू आहे. 800 डॉलर किंवा त्याहून मोठ्या कामाला लेखी करार लागतो, आणि पैसे द्यायची तारीख ठरलेली नसेल तर काम झाल्यापासून 30 दिवसांत ते द्यावे लागतात. तुमच्याकडे असा कायदा असो वा नसो, त्याच दोन गोष्टी तुम्ही स्वतः लिहून घेऊ शकता.

ईमेल असा असावा:

'आपलं ठरलं त्याप्रमाणे. काम: सुमारे 45 मिनिटांचे 4 भाग एडिट करणं. त्यात आवाजाची स्वच्छता, पातळी सारखी करणं, अडखळणं आणि नको असलेली वाक्यं कापणं, सुरुवातीचं व शेवटचं संगीत जोडणं. व्हिडिओ, लेखी उतारा आणि सोशल मीडियासाठीच्या छोट्या क्लिप यात नाहीत. प्रत्येक भाग रेकॉर्डिंग मिळाल्यापासून 2 दिवसांत. प्रत्येक भागात 2 वेळा बदल किमतीत धरले आहेत, त्यापुढच्या बदलांचे वेगळे पैसे. एकूण 16,000. निम्मे काम सुरू करण्याआधी, निम्मे चौथा भाग दिल्यापासून 7 दिवसांत. पूर्ण पैसे मिळाल्यावर फाइलचे सर्व हक्क तुमचे. मान्य असल्यास या ईमेलला उत्तर द्यावं, सोबत ॲडव्हान्सचं इनव्हॉइस जोडलं आहे.'

यातलं 'काय नाही' हे वाक्य सर्वांत कामाचं. 'जरा एवढं करून द्या ना' अशा एकेक लहान मागणीने कामं फुगतात, आणि काय धरलेलं नाही हे लिहिलेलं नसेल तर प्रत्येक वेळी नाही म्हणणं भांडणासारखं वाटतं. लिहिलेलं असेल तर सहज म्हणता येतं: 'क्लिप करून देईन, त्याचे वेगळे इतके होतील.'

हक्कांबद्दलचं वाक्यही गाळू नका. बहुतेक देशांत तुम्ही निर्माण केलेल्या कामाचा स्वामित्वहक्क नोंदणीशिवाय, काम तयार होताच अस्तित्वात येतो. स्वामित्वहक्कावरच्या बर्न या आंतरराष्ट्रीय करारात 1908 च्या सुधारणेने आलेलं हे तत्त्व आहे. पण क्लायंटकडे तो नेमका कधी आणि किती जातो याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. 'पूर्ण पैसे मिळाल्यावर' हे दोघांनाही समजेल असं कलम आहे.

ॲडव्हान्सबाबत ठाम राहा. निम्मी रक्कम आधी मागणं ही प्रथाच आहे, त्यात अपमान कुणाचा नाही. अनोळखी क्लायंट ॲडव्हान्सला साफ नकार देत असेल तर काम छोट्या टप्प्यांत मोडा: एक भाग, त्याचे पैसे, मग दुसरा भाग. तेही नको असेल तर ते काम घेऊ नका.

पायरी 7: काम करताना

इथे थोडक्यात. ठरलेल्या तारखेच्या आधी एकदा कळवा की काम कुठपर्यंत आलंय. उशीर होणार असं दिसलं तर दिसल्याबरोबर सांगा, तारीख उलटल्यावर नव्हे, आणि नवी तारीख स्वतःच द्या. फाइलला नीट नाव द्या. बदल तोंडी सांगितले गेले तर फोन ठेवल्यावर लगेच दोन ओळींत लिहून पाठवा: 'आपण हे तीन बदल ठरवले.' मूळ फाइलची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असू द्या.

पायरी 8: पैसे मागा

काम दिलं त्याच दिवशी इनव्हॉइस पाठवा. त्यावर क्रमांक, तारीख, दोघांची नावं व पत्ते, कामाचं वर्णन, रक्कम, पैसे देण्याची शेवटची तारीख आणि पैसे कसे पाठवायचे याचा तपशील असावा. 'लवकरात लवकर' असं लिहू नका, तारीख लिहा. मोठ्या कंपन्यांत 30 दिवसांची मुदत सर्रास असते आणि इनव्हॉइस विशिष्ट माणसाकडेच जावं लागतं, म्हणून तो माणूस कोण हे काम सुरू होतानाच विचारून ठेवा. पैसे अडकण्याचं कारण कितीदा तरी एवढंच असतं की इनव्हॉइस चुकीच्या टेबलावर पडून आहे.

तारीख उलटली तर दुसऱ्या दिवशी लिहा: 'इनव्हॉइस क्रमांक 3 ची मुदत काल संपली. पैसे पाठवले असतील तर तारीख कळवावी, नसतील तर कधी येतील ते सांगावं.' माफी नको, राग नको. आठवड्याने फोन करा. तरीही हलत नसेल तर पुढचं काम थांबवत असल्याचं लेखी कळवा आणि खरंच थांबवा. मागचे पैसे न मिळता पुढचं काम देत राहिलात की बुडणारी रक्कम वाढत जाते, दुसरं काही होत नाही.

आलेल्या प्रत्येक रकमेतला करासाठीचा हिस्सा त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाका. नोकरी अजून सुरू असेल तर ती सोडण्याआधी नेमणूकपत्र वाचा, कारण बाहेरच्या कामाला त्यात मनाई असू शकते. आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत ती सोडू नका. हाताशी शिल्लक असली की वाईट कामाला नाही म्हणता येतं.

पायरी 9: त्याच क्लायंटकडून दुसरं काम

काम आवडलंय हे कळलं की दोन-तीन दिवसांतच अभिप्राय मागा. 'काहीतरी लिहून द्या' म्हटलं की लोक टाळतात, म्हणून प्रश्न द्या: आधी काय अडचण होती, आता काय बदललं, कुणाला हे सुचवाल? तीन उत्तरं जोडली की अभिप्राय तयार. तो नावासकट वापरायची परवानगी तिथेच घ्या.

त्याच वेळी पुढचं बोला. चार भाग झाले असतील तर महिन्याची ठरावीक रक्कम सुचवा: दरमहा चार भाग, पैसे महिन्याच्या सुरुवातीला. असे दोन-तीन क्लायंट झाले की उरलेला वेळ नवीन लोक शोधायला शांतपणे देता येतो. पण एकाच क्लायंटकडून निम्म्याहून जास्त उत्पन्न येऊ लागलं तर शोध पुन्हा वाढवा. तो गेला तर निम्मं घर बंद पडेल.

दर वाढवायची वेळ कधी? आलेल्या प्रत्येकाने किंमत ऐकताच 'चालेल' म्हटलं, किंवा तुमचे पुढचे काही आठवडे आधीच भरलेले आहेत, की समजा दर कमी आहे. पहिल्यांदा नव्या क्लायंटला वाढीव दर सांगा. दोघा-तिघांनी तो मान्य केला की जुन्यांना दोन महिने आधी कळवा: '1 तारखेपासून माझा दर प्रति भाग 5,000 होईल. तोपर्यंत ठरलेली सगळी कामं जुन्याच दराने होतील. कामाची पद्धत आणि वेळ यात बदल नाही.' काही जण थांबतील, काही जण भागांची संख्या कमी करून बघतील, एखादा जाईल. त्याच्या रिकाम्या झालेल्या तासांत यादीतल्या पुढच्या नावाला लिहायला घ्या.